माणूस कामावर आहे

वादळाची इतकी मनापासून तयारी करणारा माणूस अख्ख्या रत्नागिरीत दुसरा नसेल. आमचे शेजारी चाचा जहाजावर इलेक्ट्रिशियन होते. तीस वर्षं दर्यावर काढून घरी आले, पण जहाजावरून काही ते उतरले नाहीत; आपल्या चिऱ्यांच्या घराचंच त्यांनी जहाज केलं. मे महिना सरत आला की त्यांच्या घरातली प्रत्येक वस्तू कशाला ना कशाला बांधलेली दिसे. टीव्ही खिडकीच्या गजाला, पाण्याचं पिंप खांबाला, अंगणातली खुर्ची पोफळीला. प्रत्येक खाटेशेजारी एकाच उंचीच्या खिळ्यावर बॅटरी, अंधारात हात नेमका तिथेच पडावा म्हणून. मेणबत्तीला घरात बंदी. "मेणबत्ती म्हंजे आपल्या हातानं घरात आणलेली आग," असं ते म्हणत. आणि इशारा आला रे आला, की चाचीला डोळे मिटून स्वयंपाकघरापासून मेन स्विचपर्यंत चालायला लावत. एकदा ती माऊली डोळे मिटून जी निघाली ती थेट आमच्याकडे आली आणि निवांत चहा पिऊन गेली.

पण त्यांचा खरा जीव पाट्यांवर. बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर लाल अक्षरांत 'माणूस कामावर आहे', आणि खाली काम करणाऱ्याचं नाव. साधा बल्ब बदलायचा असला तरी आधी मेन स्विच बंद, त्याच्या दांड्याला पाटी, आणि मगच शिडी. पाटी ज्यानं लावली त्यानंच काढायची, हा जहाजावरचा नियम. चाचीने एकदा स्वतःच्या नावाची पाटी स्वयंपाकघराच्या दाराला अडकवली, तर चाचांनी तीन वाजेपर्यंत जेवण मागितलं नाही.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. विद्युतधारेचा धडा मुलांकडून घोकून घेणारा माणूस पुठ्ठ्याच्या पाटीला काय भीक घालणार! स्टाफरूममध्ये मी चाचांची नक्कल करायचो आणि सगळे पोट धरून हसायचे. एका रविवारी पाहुण्यांसमोर त्यांचीच एक पाटी गळ्यात अडकवून मी आरामखुर्चीत घोरायचं सोंग केलं. नेमके चाचा दारात. तेही हसले. मग पाटी माझ्या गळ्यातून काढून त्यांनी लुंगीला पुसली आणि म्हणाले, "मास्तर, ही खेळायची वस्तू नाय." ते गेल्यावर मी त्या वाक्याचीही नक्कल केली. लिहिताना लाज वाटते, पण केली.

मग ते मोठं वादळ आलं. आदल्या दिवशी मी पाहुण्यांना घेऊन आरे-वारेला लाटा बघायला गेलो होतो. परतलो तर आमच्या पडवीचे पत्रे दोरांनी आवळलेले, घरातली सगळी भांडी, अगदी कुकरसुद्धा, पाण्याने भरलेली आणि गॅसचा रेग्युलेटर बंद केलेला. "वैनी घरात एकल्या होत्या," चाचा म्हणाले, जणू अपराध त्यांचाच होता.

पत्रे वाचले. फणसाची फांदी पडून मागच्या पडवीतली वायर तेवढी तुटली. आळीतली वीज आठ दिवस गेली. वायरमन बिचारे गावोगावचे खांब उभे करत फिरत होते. नवव्या दिवशी चाचाच हत्यारं घेऊन आले. आमचा मेन स्विच त्यांनी बंद केला, पाटी लावली आणि मागे शिडीवर चढले.

दुपारी चारच्या सुमारास आळीत ओरडा झाला, "आली, आली!" समोरच्या घरातला पंखा फिरताना दिसला. आठ दिवस विहिरीचं पाणी शेंदून माझे हात सोलले होते. मी धावत मेन स्विचपाशी गेलो. पाटी होती. मी ती वाचली. मला हसू आलं, आणि हसत हसतच मी पाटी काढून दांडा वर केला. विसरलो होतो असं म्हणायचीही सोय नाही, कारण चाचा मागे आहेत हे मला ठाऊक होतं. पण ते शिडीवर, वायर त्यांच्या हातात आणि दांडा माझ्या हातात, हे विज्ञानाच्या मास्तरला त्या क्षणी सुचलं नाही.

पंखा फिरला नाही. "आपल्याच घरात का नाही?" अशी तक्रार घेऊन मी मागच्या पडवीत गेलो, पाटी हातात तशीच. चाचा शिडीवर होते. दोन्ही हातांत उघड्या तारा. तेव्हा कुठे मला तो वर केलेला दांडा आठवला.

त्यांनी आधी पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सावकाश एक हात मोकळा करून त्यांनी शर्टाच्या खिशातून आमच्या मेन स्विचमधला पांढरा चिनीमातीचा फ्यूज काढून दाखवला.

"तुमी पाटीला हसता, म्हाईत हाय मला," ते म्हणाले. "म्हणून ह्यो खिशात ठेवला."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"जावा, दांडा खाली करा नि पाटी लावून या. काम अजून झालं नाय."

मी पाटी लावून आलो आणि काम संपेपर्यंत शिडी धरून उभा राहिलो. नंतर बायकोने चहा आणला आणि त्यांचे आभार मानू लागली, तर चाचा म्हणाले, "मास्तरांनी लय मदत केली." चाचांनी ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही, आणि मीही नाही.

गेल्या वर्षी चाचा-चाची लेकीकडे मुंब्र्याला राहायला गेले. घर सातव्या मजल्यावर आहे. "हितं बांधून ठेवायला कायच नाय, मास्तर," फोनवर म्हणतात. जाताना पाट्यांचा गठ्ठा त्यांनी माझ्याकडे दिला. सगळ्यात वर एक नवी कोरी होती, तिच्यावर त्याच लाल अक्षरांत माझं नाव.

परवा पुन्हा वादळाचा इशारा आला. अंगणातला दिवा उतरवायचा म्हणून मी मेन स्विच बंद करून माझी पाटी लावली. बायको हसायला लागली.

"अहो, घरात आपण दोघंच. मी काही त्या दांड्याला हात लावत नाही. मग ही पाटी कुणासाठी?"

मी खिशात फ्यूज आहे ना, तेवढं हात लावून पाहिलं आणि शिडी चढलो.