पंधराच्या जागी सतरा

मुंबईच्या विमानतळावर तपासणीवाल्या पोरानं माझी चुन्याची डबी उघडून नाकाला लावली आणि खाली कचऱ्याच्या पेटीत टाकली. मी म्हटलं, "बाबा रे, चुना आहे, दारूगोळा न्हाय." त्यानं पुढे सरकायची खूण केली. सत्तरी ओलांडून तीन वर्षं झाली, गुडघे रोज कुरकुरतात, आणि परदेशाच्या पहिल्या पायरीवरच चुना गेला. पुढचे सोळा दिवस तंबाखू कोरडीच चघळली.

मी चौथी शिकलेला माणूस. पोलीस दलात अठ्ठावीस वर्षं काढली. त्यातली बरीच कोतात (हत्यारं ठेवायची खोली), बाकीची चांदमारीच्या मैदानावर. साहेब लोक गोळ्या झाडायचे आणि आम्ही टार्गेटला पडलेली भोकं लेई लावून कागदाच्या तुकड्यांनी बुजवायचो. मुलगी मनीषा कतारला गॅसच्या कंपनीत इंजिनिअर आहे. चार वर्षं बोलावत होती, मी गुडघे पुढे करत होतो. या खेपेला फोनवर म्हणाली, "आबा, मी पिस्तुलाच्या स्पर्धेत उतरते. बघायला या." बघायला म्हणून निघालो खरा, पण मनात होतं दोन शब्द सुनवायचे. दोन पोरींची आई, हे काय वय झालं का?

दोहाला उतरलो तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. काचेच्या इमारती बघून मान दुखली, म्हणून नंतर बघायचं सोडलं. मनीचं घर अल थुमामाला, विमानतळाच्या अंगालाच. दर थोड्या वेळानं डोक्यावरून विमान जायचं आणि कपाटातल्या बशा थरथरायच्या. जावई पराग पुण्याचा, स्वभावानं गरीब. स्वयंपाक तोच करतो. धाकटी नात इंग्रजीतून विचारायची, "आबा, डू यू वॉन्ट टी?" मी म्हणायचो, "व्हय, आण." आमचं नीट चाललं होतं. चहा म्हणजे तिकडचा करक (दूध आटवून केलेला कडक, वेलदोडा घातलेला चहा). तो मात्र बरा. दिवसाला चार व्हायचे.

संध्याकाळी मनी कामावरून आली की दिवाणखान्यात उभी राहायची. कमरेला पट्टा, पट्ट्यात टीव्हीचा रिमोट. मोबाइलमधून टुंग आवाज झाला की रिमोट उपसून कपाटावर रोखायची. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. पन्नास-साठ वेळा. पिस्तूल क्लबचं, ते क्लबच्या कोठारातच राहतं, घरी आणता येत नाही. मी सोफ्यावरून म्हटलं, "मने, मला बातम्या बघायच्यात."

"पाच मिनिटं, आबा."

पराग कांदा चिरता चिरता म्हणाला, "आबा, महिनाभर आम्ही बातम्या नाही बघितल्या."

त्यानंच मला सगळं समजावलं. मस्कतला मोठी स्पर्धा होती. क्लब प्रत्येक गटातून चौघांना स्वतःच्या खर्चानं पाठवणार होता. शुक्रवारच्या सामन्यात ते चौघं ठरणार होते. खर्च म्हणजे पट्टा, बूट, कानाची झाकणं, प्रवेश फी आणि सगळ्यात वर काडतुसं. एका सरावाला शे-दोनशे काडतुसं सहज जातात. "पैसा पाण्यासारखा जातो, आबा. मी कधी अडवलं नाही. तीच म्हणाली, या वर्षी निवड झाली तर पुढे, नाही तर बंद." मनीनं रिमोट पट्ट्यात खोचला.

शुक्रवारी उजाडताना निघालो. शहर संपलं की दोन्ही बाजूंना नुसती माती, पांढरट. बिरकत अल अवामेरच्या अलीकडे एका टपरीवर करक आणि परोठा घेतला. तिथे मजुरांनी भरलेली बस उभी होती. सुट्टीच्या दिवशीही निघाले होते बिचारे. एक म्हातारासा गडी खिडकीला डोकं टेकून झोपला होता. आपल्याकडचा वाटला. विचारावं म्हणून उठलो, तोवर बस सुटली.

गाडीत मनी म्हणाली, "आबा, तुम्ही मॅगझिनं भरून द्याल? माझी नखं तुटतात. पण पंधरा-पंधरा. जास्त नको."

मी म्हटलं, "बरं." मॅगझिन म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत सरकवायची काडतुसांची डबी.

मैदान म्हणजे मातीचे उंच बांध घातलेले सहा चौक. प्रत्येक चौकात लाकडी चौकटी, पुठ्ठ्याची टार्गेटं, पडणारे लोखंडी पत्रे. आमच्या वेळी जमिनीवर पालथं पडून एकाच ठिकाणाहून गोळी मारायची. इथे टुंग वाजलं की पळायचं, चौकटीच्या आडून डोकवायचं आणि मारायचं. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं. म्हणजे नेमही पाहिजे आणि पायही. पांढऱ्या पुठ्ठ्याला लागली की गुण कापतात, तो म्हणजे निरपराध माणूस.

मला नवल वाटलं ते राबणाऱ्यांचं. वीस-पंचवीस माणसं पहाटेपासून चौकटी ठोकत होती. एकालाही पगार नाही. त्यांचा स्वतःचा सामना आदल्या दिवशीच उरकला होता. बदल्यात काय, तर फी माफ, एक बनियन आणि दुपारचं जेवण. त्यात वसईची ग्लोरिया होती. इस्पितळात नर्स आहे, पन्नाशीची, आवाज मोठा. तिच्या हातात गुण लिहायचं यंत्र होतं.

"काका, नुसते उभे काय राहता? ही चिकटपट्टी घ्या. भोकं बुजवा."

मी म्हटलं, "बाई, मी अठ्ठावीस वर्षं हेच केलं."

"मग काय, घरचंच काम! पण मी गुण लिहून होईपर्यंत हात लावायचा नाही हं. नाही तर त्या खेळाडूला सगळा चौक पुन्हा खेळावा लागेल."

मला शिकवते. पण बाई कामाची होती.

गटांचं तिनंच सांगितलं. ओपन म्हणजे सगळं चालतं. पिस्तुलावर लाल ठिपक्याची काच, नळीच्या तोंडाला धक्का कमी करणारी जाळी, हातभर लांब मॅगझिन. त्या एका पिस्तुलाची किंमत ऐकली. आमच्या गावात तेवढ्यात विहीर खणून वर मोटार बसते. स्टँडर्ड म्हणजे ठरलेल्या पेटीत मावेल ते. आणि प्रॉडक्शन म्हणजे कारखान्यातून आलं तसंच, वर काही लावायचं नाही. मनी त्यात. "गरिबांचा गट," ग्लोरिया हसून म्हणाली. "पण सगळ्यात जास्त माणसं त्यातच."

आता माझं ऐका. मनी पिस्तूल घ्यायला कोठाराकडे गेली आणि मी सावलीत बसून मॅगझिनं भरायला घेतली. क्लबच्या पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये सतरा बसतात. मागे भोकं असतात, त्यातून किती भरल्यात ते दिसतं. पंधरावर थांबलो तर वर जागा रिकामी. आमच्या कोतात कुणी अर्धवट भरलेलं मॅगझिन दिलं असतं तर त्याला मी मैदानाला चकरा मारायला लावल्या असत्या. मला वाटलं, पोरगी खर्चाला भिऊन दोन-दोन वाचवते आहे. बापाच्या देखत कशाला? सतरा-सतरा भरली. पाचही.

पहिल्या चौकात मनी उतरली. अधिकाऱ्यानं विचारलं, "आर यू रेडी? स्टँड बाय." टुंग. अहो, ती पळाली! चाळिशीची बाई, पण चौकटीआड वाकली, मारलं, पळता पळता मॅगझिन टाकून दुसरं लावलं. तिचं गणित आधीच ठरलेलं असतं, कुठे मॅगझिन बदलायचं ते. रिकामं व्हायची वाट बघत नाहीत, त्यामुळे तिला काही कळलं नाही. पडलेली मॅगझिनं मीच गोळा केली, मीच पुसली, मीच भरली. पुन्हा सतरा. दुसरा चौक, तिसरा चौक. दोन शब्द सुनवायचे होते ते मी विसरूनच गेलो.

तिसऱ्या चौकात भोकं बुजवताना ग्लोरिया म्हणाली, "काका, तुमची मुलगी आज जोरात आहे. प्रॉडक्शनमध्ये तिसरी चाललीय."

"चालणारच. मॅगझिनं कोणी भरलीत?"

"कोणी?"

"मी. ठासून. पंधरा म्हणजे काय, भीक घातल्यासारखं. सतरा बसतात, सतरा भरली."

तिचा हात थांबला. "काका, हळू बोला."

"का? चोरी केली का मी?"

"प्रॉडक्शनला पंधराच चालतात. सगळ्यांना सारखं पाहिजे म्हणून. सोळावी असली की गट जातो. ओपनमध्ये टाकतात."

"मला कोणी सांगितलं न्हाय."

"मनीषानं पंधरा सांगितलं नव्हतं?"

एक पट्टी बोटाला चिकटली होती, ती सोडवत राहिलो.

"कुणाला कळलंय?" मी विचारलं.

"मला कळलंय ना." तिचा आवाज आता खाली आला होता. "काका, मी इथे फुकट राबते. पण खोटं लिहीत नाही. माझ्याआधी तुम्ही तिला सांगा. जा."

मनी पलीकडच्या चौकाजवळ बसली होती. शंभर पावलंसुद्धा नसतील, पण मी वाटेत दोनदा थांबलो. खोटं कशाला लिहू, वाटेत मनात आलं की प्रत्येकातल्या दोन-दोन हळूच काढून घ्याव्यात आणि गप्प बसावं. उरलेले तीन चौक पंधरावर निघतील. ग्लोरियाही कदाचित विरघळेल. पोरगी मस्कतला जाईल.

ती खजूर खात होती. एक माझ्यापुढे धरला.

"मने, मी सतरा भरली."

"कशात?"

"सगळ्यात."

तिनं पट्ट्यातलं एक मॅगझिन काढलं, उलटं करून भोकं बघितली. "पहिल्यापासून?"

"व्हय."

"मी पंधरा म्हणाले होते ना, आबा."

"मला वाटलं पैसे वाचवतेस."

तिनं डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. म्हणाली, "चला."

मुख्य अधिकारी अबू सालेम म्हणून तिथलाच कतारी माणूस, पांढरी दाढी, माझ्याच वयाचा. मनीनं त्याला इंग्रजीत सांगितलं. मी मध्ये घुसलो. "साहब, गलती मेरा. मैंने भरा. लडकी को मालूम नहीं."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "बाबा, तुम आर्मी?"

"पोलीस."

"तो तुमको मालूम. बंदूक किसके हात में था?"

मी मनीकडे बघितलं. शेवटी म्हणालो, "लडकी के."

"तो जिम्मेदारी लडकी का." त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला तो आवडला नाही, पण झटकलाही नाही. "ओपन. खलास (झालं, संपलं)."

मनीनं "शुक्रन" म्हटलं. आभार कशाचे ते तिलाच ठाऊक.

उरलेले तीन चौक ती त्या विहिरीएवढ्या किमतीच्या पिस्तुलांच्या रांगेत उभी राहिली. मला वाटलं होतं, आता सोडून घरी निघेल. तिनं मॅगझिनं माझ्याकडे मागितली आणि स्वतः भरायला बसली. आता कितीही भरल्या तरी चालत होत्या. तिनं पंधरा-पंधराच भरल्या. एक नख तुटलं. मी बघत होतो, हात पुढे करायची हिंमत झाली नाही.

दुपारपर्यंत मी भोकं बुजवत राहिलो. कुणी थांब म्हटलं नाही, मीही थांबलो नाही. वाळूवरून ऊन उलटं तोंडावर यायचं. वाकलं की उठवत नव्हतं, चौकटीला धरून उठायचो. जेवणाला मचबूस (मसाल्याचा मटण-भात) होता. ग्लोरियानं ताट आणून दिलं. "राबलात ना, मग खा. आणि तोंड असं करू नका, मनीषा बघतेय." भूक लागली होती, खाल्लं.

ओपनमध्ये मनीचा नंबर शेवटून दुसरा. मस्कतच्या यादीत चौथी जी पोरगी आली, तिला मनीनं जाऊन मिठी मारली. घरी परागनं दारातच विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "मॅगझिनमध्ये चूक झाली. ओपनमध्ये गेले." चूक कुणाची ते तिनं सांगितलं नाही. मीही नाही. बूट काढत बसलो, बराच वेळ काढत बसलो.

राहिलेल्या दिवसांत त्यांनी मला समुद्र दाखवला, बाजार दाखवला, बिन महमूद भागातल्या एका हॉटेलात थालीपीठसुद्धा खाऊ घातलं. मनी नेहमीसारखीच बोलत होती. पण संध्याकाळी रिमोट टेबलावरच असायचा आणि मला बातम्या बघायला मिळायच्या. एकही बातमी डोक्यात शिरली नाही.

गावी आलो. लोक विचारायला आले, सोनं स्वस्त आहे का, उंट बघितला का. जे विचारलं ते सांगितलं. पिस्तुलाचं कुणी विचारलं नाही, म्हणून मीही काढलं नाही. प्रवासाला जाऊन माणूस शहाणा होतो म्हणतात, मी नुसता दमून आलो होतो.

दीड महिन्यानं मनीचा फोन आला. आवाज बसलेला, मागे वारा. म्हणाली, "आबा, मी मस्कतला आहे."

"कशी काय?"

"कामाला. इथे राबायला माणसं कमी होती. ग्लोरिया आणि मी रजा टाकून आलो. तीन दिवस नुसती भोकं बुजवतेय. पाठ मोडली. तुम्ही अठ्ठावीस वर्षं कसं केलंत हो?"

"आणि खेळ?"

"बघू. पराग म्हणतो एक वर्ष अजून बघ. माझंच ठरत नाहीये."

मी ओसरीवर उभा होतो, खाली बसलो. आयुष्यात साहेबापुढे बोललो नाही, बायकोपुढे बोललो नाही, तो शब्द घशाशी आला आणि या खेपेला मी तो गिळला नाही.

"मने, त्या दिवशी चुकलं माझं."

वाराच ऐकू येत होता. मला वाटलं लाइन गेली. मग ती घाबऱ्या आवाजात म्हणाली, "आबा, तुमची तब्येत बरी आहे ना?"