फ्राउ नॉयमानची चिठ्ठी

मेडशीच्या फाट्यावर जीप उभी होती आणि धाकटी जाऊ वेणू माझ्या पिशवीत ठेच्याची बरणी कोंबत होती. रडत कोणी नव्हतं. वेणू म्हणाली, "बाई, तुमी दोन दिवस गप राह्यल्या तं आजारी पडता. तिकडं जर्मनीत कोनाशी बोलसान?"

"भिंतीशी," मी म्हटलं. पोचवायला आलेल्या सगळ्या बाया हसल्या. नवरा जाऊन वर्ष झालं होतं. एकुलती लेक सुजाता तिकडं दवाखान्यात नर्स. माय एकटी राहणार नाही, असं तिनं ठरवलं आणि मी जीपमध्ये बसले.

भिंतीशी बोलायचं ते खरंच झालं. सुजाता सकाळी जाते ती दिवेलागणीला येते. एक दिवस म्हणाली, "माय, बसवरचं नाव तरी वाचता आलं पायजे. नाईतं हरवशीन." तिनं वहीत अक्षरांच्या जोड्या लिहून दिल्या, खाली आपल्या लिपीत उच्चार. ई-आय आलं की 'आय' म्हणायचं. तेच उलटं, आय-ई आलं, की नुसती लांब 'ई'. ए-यू म्हणजे 'आउ'. ई-यू म्हणजे 'ऑय'.

मी चौथी शिकलेली. आपल्या बाराखडीत मात्रा दिसली की आवाज ठरला. इथं दोन अक्षरं शेजारी आली की दोघांचाही आवाज जातो आणि तिसराच निघतो. मी ओट्यावर वही ठेवून घोकलं. अर्थ विचारला नाही. विहारात पाली वंदना आम्ही अशीच शिकलो, आधी उच्चार, अर्थ मागून. सहा महिन्यांत छापलेलं काहीही मी न अडखळता वाचू लागले. त्यातलं कळत मात्र काहीच नव्हतं.

खालच्या मजल्यावर फ्राउ नॉयमान राहायची. फ्राउ म्हणजे बाई. नव्वदीची, एकटी, डोळ्यांनी जवळजवळ आंधळी. ती तिचं बोलायची, मी माझं वऱ्हाडी. बरं चाललं होतं. एकदा टपालपेटीवरची पाटी मी मोठ्यानं वाचली, "नॉयमान." ती जिन्यातच थांबली. माझा हात धरून तिनं मला घरात नेलं आणि समोर औषधाची डबी ठेवली. मी वाचली. तेव्हापासून तिचं सगळं टपाल मीच वाचायची.

मेडशीतही पत्रं मीच वाचायची. माझा बाप म्हणायचा, "वाचता येते तं दुसऱ्याचं वाचून देत जाय. नाईतं शाळा कायले शिकली?" तेव्हा फोन नव्हते. बाया पत्र घेऊन ओट्यावर बसायच्या.

आता एक गोष्ट सांगते. मेडशीच्या बायांनो, ती तुम्हाला माहीत नाही. वच्छलाच्या पोरानं सुरतेहून लिहिलं होतं की त्यानं तिकडंच लग्न केलं, आता येणार नाही, वाट पाहू नको. मी डोळ्यांनी ते वाचलं आणि तोंडानं म्हटलं, "सगळे खुशाल हायेत, दिवाळीले येतो." ती तीन दिवाळ्या वाट पाहून मेली. मी केलं ते बरं केलं की वाईट, मला अजून ठरवता येत नाही. तिच्या पत्रासारखी आणखीही पत्रं होती.

फ्राउ नॉयमानच्या मुलाची चिठ्ठी आली ती मोठ्या अक्षरात छापलेली होती. तिनं केस नीट केले, कॉफी ठेवली आणि समोर बसली. मी वाचू लागले. मध्ये एका ओळीत आय, ई, आउ, ऑय, सगळ्या जोड्या एकामागं एक आल्या आणि मी एकही चुकले नाही. तिनं हात वर करून तीच ओळ पुन्हा वाचायला लावली. मला वाटलं, शाबासकी आहे. मी आणखी मोठ्यानं वाचली.

ती उठली. कॉफी तशीच राहिली. तिनं मला दाराकडं बोट दाखवलं.

माझं काय चुकलं, ते विचारायला संध्याकाळी मी सुजाताला खाली पाठवलं. वर आली ती चप्पल न काढताच म्हणाली, "माय, तुले मालूम हाय तू काय वाचून आली?"

मुलानं तिची सोय वृद्धाश्रमात लावली होती. महिनाअखेर घर खाली करायचं. त्याला सुट्टी नाही, सामान न्यायला माणसं येतील. दोनदा वाचलेली ओळ तीच.

"कळलं असतं तं मी दुसरंच वाचलं असतं," मी म्हटलं.

"तिले तं खरंच आयकाचं होतं ना?" सुजाता म्हणाली.

असेल. पण मला ठरवायला मिळालं नाही. मेडशीत काय तोंडातून बाहेर काढायचं आणि काय गिळायचं, ते माझ्या हाती होतं. इथं आवाज तेवढा माझा.

तिनं मला पुन्हा दार उघडलं नाही. महिनाअखेरीस माणसं आली, कपाट नेलं, मग तिला. आता टपालपेटीवर नवी पाटी आहे. मला ती नीट वाचता येते.

दर रविवारी वेणूचा फोन येतो. ती विचारते, "बाई, कशा हा?"

मी म्हणते, "सगळे खुशाल हायेत, दिवाळीले येतो."