खांबाला विचारून घेतलेला चहा

एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कारखान्यासमोर टपरी आहे. तिथं एक माणूस रोज सकाळी यायचा. चहाचा ग्लास हातात घ्यायचा, समोरच्या विजेच्या खांबाकडे बघून हळूच विचारायचा, "पिऊ का?" थोडं थांबायचा आणि मग भुरके मारत प्यायचा.

मला वाटलं, डोक्यावर परिणाम झालाय. एक दिवस विचारलंच.

"मठात वाढलो," तो म्हणाला. "पाणी प्यायचं तरी महाराजांना विचारायचं. सवय गेली न्हाई. पण आता कोणीच न्हाई म्हणत न्हाई. मंग पितो."

त्या मठात म्हणे मोक्षाची पक्की सोय होती. फक्त हसायला, आजारी पडायला आणि आईला आई म्हणायला परवानगी लागायची. हा पळून आला तेव्हा त्यांनी मोठ्या मायेनं त्याचं तेरावं घातलं. हा जिवंत आहे, ही किरकोळ अडचण त्यांनी मनावर घेतली नाही. आई अजून आतच आहे. मेलेल्या मुलाशी बोलायची परवानगी तिला मिळालेली नाही.

एकदा टपरीवाला वैतागून मध्येच म्हणाला, "प्या हो बिनधास्त! कोण अडवून राह्यलं तुम्हाला?"

त्यानं भरलेला ग्लास तसाच खाली ठेवला.

"हुकमाचं लई पिलो. दुसरा द्या," तो म्हणाला. "अन् आता कोणी मधी बोलू नका."

दुसरा चहा आला. त्यानं खांबाला विचारलं. आम्ही सगळे गप्प बसलो. इतक्या श्रद्धेनं मी आजवर कुठल्याच महाराजांपुढे बसलेलो नाही.