चौथ्या पायरीखालची चौकट

चौथीपर्यंत शिकले त्यात एक गोष्ट पक्की बसली: उत्तर संपलं की एक ओळ मोकळी सोडायची. बाई वहीवर लाल शाईनं लिहायच्या, 'ओळ सोड.' ती सवय चाळीस वर्षांनी मोबाइलवर नडली.

लेक लग्न होऊन सुरतला गेली. जाताना तिनं माझ्या मोबाइलवर खाण्यापिण्याचा एक मराठी विकी उघडून दिला. तिथं कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं. म्हणाली, "माय, फोनवर तू 'हा' नि 'बरं' शिवाय काही बोलस नही. आजीना बिबडा तरी लिखी ठेव. मी वाचसू."

सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्याच्या कितीतरी आधी नवरा गेला होता. घरात आता मी एकटी, त्यामुळे दुपारी लिहायला वेळच वेळ. ओळीच्या सुरुवातीला जाळीसारखं चिन्ह दिलं की विकी आपोआप आकडे घालतो. बिबडे म्हणजे आमच्या खानदेशातले ज्वारीचे पापड. ज्वारी तीन दिवस भिजवायची, रोज पाणी बदलायचं. उपसून भरडायची. पाण्यात मीठ, तीळ, लसूण-मिरची घालून उकळी आणायची. चौथी पायरी, पीठ वैरून घाटा हाटायचा, म्हणजे घट्ट होईपर्यंत ढवळायचा. त्या पायरीखाली मला सासूबाईंचं बोलणं हवं होतं. घाटा हाटायच्या लाकडी चाटूबद्दल त्या दर उन्हाळ्यात त्याच शब्दांत सांगायच्या:

"चाटू घाटामा सोडी दे. पडना, तर तुले घाई शे. उभा ऱ्हायना, तर माले हाक मार."

चाटू उभा राहिला, म्हणजे घाटा झाला, की मी हाक मारायची. त्या यायच्या, घाट्याआधी माझ्याकडे बघायच्या नि कौतुकही टोमण्यातच करायच्या, "जमनं म्हणे तुले. वीस वरीस लागनात."

मदतीच्या पानावरची खूण उतरवून त्यांच्या शब्दांना पिवळी चौकट केली. वर एक ओळ मोकळी सोडली, खाली एक. सासूबाईंचं बोलणं दुसऱ्या ओळीला चिकटून कसं ठेवायचं? जतन करून पाहिलं, तर चौकटीनंतर आकडा पुन्हा एक. थापण्याची पायरी पाचवी, तिला एक.

लेकीचा फोन आला. "माय, चारनंतर परत एक? परत ज्वारी भिजाडू का?" ती हसली, मीही हसले. मग तिला काम होतं.

दोन दिवसांनी कुणा अनोळखी माणसानं पान दुरुस्त केलं. आकडे एक ते आठ सरळ, आणि चौकट तळाशी, 'इतर माहिती' खाली. पान नीट दिसत होतं. त्याची काही चूक नव्हती. पण पाहुणे आले म्हणून म्हाताऱ्या माणसाला मागच्या दारी बसवावं, तसं वाटलं. शिवाय लेक या उन्हाळ्यात पहिल्यांदा एकटी घाटा हाटणार होती. हात पिठात असताना ती पानाच्या तळाशी काय शोधणार?

बसमध्ये आपलं गाव आलं तरी 'थांबवा' म्हणायला मला जमत नाही. पुढच्या थांब्यावर उतरून चालत येते. चर्चापानावर एक वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले: 'चौकट चौथ्या पायरीखालीच हवी. आकडे न मोडता ठेवता येईल का?'

उत्तर आलं. 'येईल, ताई. वर-खाली रिकामी ओळ सोडू नका, तिथं यादी संपते. चौकटीच्या ओळीआधी जाळीचं चिन्ह आणि लगेच एकावर एक दोन टिंबं द्या, म्हणजे ती चौथ्या पायरीचीच राहील. आतला मजकूर एका ओळीत ठेवा, मध्ये एन्टर नको. मी करून देऊ का?'

'नको, मी करते,' एवढंच लिहिलं.

मोकळ्या ओळी पुसल्या. सासूबाईंची तीन वाक्यं एका ओळीत आली. पायरी चार, तिच्या पोटात पिवळी चौकट, मग पाच. किती तरी वेळ बघत बसले. त्या माणसाला आणखी काही विचारावंसं वाटलं, पण विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आठ-दहा दिवसांनी सकाळी फोन वाजला. लेक होती.

"माय, चाटू उभा ऱ्हायना."

"बरं," मी म्हणाले.

"बरं काय? लिखेल शे ना, हाक मार. आजी नही, म्हणून तुले हाक मारी. आते काय म्हनानं ते म्हन."

मग म्हणाले, "जमनं म्हणे तुले."

"माले वीस वरीस नही लागनात," ती म्हणाली. "ठेवस माय, घाटा थंडा होई जाई."

यंदा मी बिबड्यांसाठी चूल पेटवली नव्हती. एकटीसाठी घाटा कोण हाटतं? तरी फळीवरचा चाटू काढला, धुतला आणि अंगणात उन्हाला ठेवला.