कॅप्टन गेला म्हणे

माझा स्वभाव संशयी आहे, हे मला कोणी वेगळं सांगायला नको. शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं आणि परीक्षेच्या हॉलमध्ये पहारे दिले. कोणाच्या बाहीत चिठ्ठी आहे, कोण पाणी प्यायच्या निमित्ताने काय बघून आलं, हे मला पाठमोरी असतानाही कळायचं. घरातही तेच. भाजीवाला जरा जास्त गोड बोलला की मी टोमॅटोचा ढीग खालून उलटा करून बघते. "तू देवळात गेलीस तरी मूर्तीच्या मागे कोण लपलंय ते आधी बघशील," असं आमचे हे म्हणतात. म्हणोत बापडे. त्यांना आजवर एकूण एक भाजीवाल्याने फसवलंय.

तर एका सकाळी माझा थोरला भाऊ दारात उभा राहिला. दादा. सिन्नरहून थेट इंदिरानगरला, फोन नाही, निरोप नाही. आणि दादाने माझ्या दारात उभं राहणं ही काही साधी गोष्ट नव्हती. माझ्या मुलीच्या लग्नापासून आमचं येणंजाणं बंद होतं.

ते लग्न आधी सांगते. नवरीला बोहल्यावर आणायचा मान मामाचा. दादा तर भाचीच्या बारशापासून म्हणत होता, हिला बोहल्यावर मीच आणणार. फेटा त्याने पुण्याहून बांधून घेतला होता. आणि नेमकी त्या दिवशी त्याची गाडी द्वारका चौकातल्या गर्दीत अडकली. इकडे गुरुजी घड्याळ दाखवून ओरडतायत, मुलाकडचे टाचा उंचावून बघतायत, मुहूर्त टळायला आलेला. शेवटी कोणीतरी माझ्या मोठ्या जावेच्या भावाला पुढे केलं. तो मुलीला घेऊन आला, मंगलाष्टकं सुरू झाली, आणि दादा फेट्यासकट हॉलच्या दारात. त्याने हातातल्या अक्षता टाकल्या आणि तसाच मागे वळला. जेवला नाही. बहिणीच्या घरच्या लग्नातून भाऊ उपाशी गेला, तो गेलाच.

त्यानंतरच्या भाऊबीजेला मी ताम्हण तयार ठेवून दिवेलागणीपर्यंत वाट बघितली. आला नाही. जिला भाऊ नाही तिने चंद्राला ओवाळायचं, अशी आपल्याकडे रीत आहे. माझा भाऊ सिन्नरला चांगला धडधाकट, कारखान्यातून निवृत्त होऊन अंगणात डाळिंबं लावतोय, आणि मी गच्चीवर उभी राहून चंद्राला ओवाळतेय! इतका संताप आला होता मला. रडूही येत होतं, पण संताप जास्त. पुढे दरवर्षी तेच. मीही सिन्नरला गेले नाही. शेवटी मीही त्याचीच बहीण.

आणि आता हा दारात. मी म्हटलं, वहिनीला काही झालं की काय? तो आत आला, खुर्चीच्या कडेवर टेकला, आणि खाली बघत म्हणाला, "आपला डॉक्टर गेला."

मला कळेचना. कोणता डॉक्टर?

"यानातला गं. पेपरात आलंय."

मग डोक्यात उजेड पडला. आम्ही लहान असताना रविवारी सकाळी टीव्हीवर अंतराळयानाची एक परदेशी मालिका लागायची. टीव्ही शेजाऱ्यांचा, काळापांढरा. दादा आधी त्यांच्या पत्र्यावर चढून अँटेना फिरवायचा आणि मी खालून ओरडायची, "आलं, आलं, गेलं!" सगळं इंग्रजीत. त्या खोलीत कोणालाच ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून दादा भाषांतर करायचा. इंग्रजी त्यालाही येत नव्हतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. पण संशय तेव्हाही होता. कारण दर रविवारी यानातलं इंधन संपायचं, आणि मधेच कॅप्टन गंभीर तोंड करून म्हणायचा की धाकट्यांनी आपल्या वाटचे शेंगदाणे थोरल्यांना द्यावेत. मी द्यायची!

दुपारी आमचं यान गच्चीवर. दादा कॅप्टन. मी वायरलेसवाली, कानाला नारळाची करवंटी लावून बसलेली. शेजारचा मुलगा डॉक्टर. तोच डॉक्टर आता गेला होता म्हणे. म्हणजे टीव्हीतला.

मी सवयीने म्हटलं, "चहा टाकते."

"नको. भेटायला आलोय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. दुःखाच्या घरी भेटायला जायचं तर बोलावणं लागत नाही. भांडण असलं तरी जायचं. तिथे चहापाणी घ्यायचं नाही, आणि उठताना 'येतो' म्हणायचं नाही. एरवी कुठूनही निघताना आपण 'येतो' म्हणतो, 'जातो' म्हटलं तर मोठी माणसं रागावतात. फक्त तिथून मुकाट्याने उठायचं आणि चपला घालायच्या. दादाने अगदी तस्संच केलं. घटकाभर बसला, डॉक्टर कसा भुवई उडवायचा ते बोलला आणि 'येतो' न म्हणता निघून गेला. जशी काही मी त्या डॉक्टरची सख्खी बहीण! "बघितलंत?" मी ह्यांना म्हटलं. "ह्यात काहीतरी आहे."

"काय असणार? भाऊ आला होता," हे म्हणाले. ह्यांचं हे असं.

पुढे तो येतच राहिला. यानाचा इंजिनियर गेला. परग्रहावरचा तो टकला सेनापती गेला. मग एकदा आला आणि दारातच म्हणाला, "तुझी गेली गं." माझी म्हणजे वायरलेसवाली. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला भरून आलं. ती बाई कानाला यंत्र लावून एवढ्या मोठ्या अंधाराशी बोलायची, आणि तिच्यासारखी मान ताठ ठेवून मी पुढे वर्गात उभी राहायला शिकले. तेवढ्यात दादाने खिशात हात घातला आणि माझी मान पुन्हा ताठ झाली.

कारण माझा पहिला संशय हाच होता. सिन्नरकडे जमिनींना भाव आलाय. आईबापांच्या मागे राहिलेला तुकडा दादाच्या ताब्यात आहे आणि त्यावर कागदोपत्री माझंही नाव आहे. भाऊ अचानक प्रेमाने यायला लागले की बहिणींनी सही करायचं पेन लपवून ठेवावं, हे मी स्टाफरूममध्ये कितीतरी जणींच्या तोंडून ऐकलंय. त्यामुळे दादाचा हात खिशाकडे गेला की मला वाटायचं, आला कागद. दर वेळी रुमाल निघायचा. घाम पुसायचा, पुन्हा घडी करायचा, खिशात ठेवायचा. कागद काही निघेना. त्याने माझा संशय कमी व्हायचा सोडून वाढतच चालला. एवढा धीर धरतोय म्हणजे मामला मोठा असणार!

मग एकदा तो म्हणाला, "पहारेकरी गेला."

"कोणता पहारेकरी?"

"दुसऱ्याच भागात ज्याला राक्षसाने गिळलं, तो."

"अरे, तो तर तेव्हाच मेला होता की!"

"तो कामात मेला होता," दादा रागावून म्हणाला. "आता खरा गेला."

दादा घरी परतल्यावर मी मुलीला फोन लावला. ती बंगळूरला असते, असलं सगळं तिला मोबाइलवर चटकन सापडतं. तिने शोधलं आणि म्हणाली, "आई, हा माणूस खरंच गेलाय. पण कधीच गेलाय. मी शाळेत असताना." मी तिला बाकीचेही बघायला लावले. डॉक्टर तेवढा ताजा होता. इंजिनियर, सेनापती, माझी वायरलेसवाली, सगळे जुनेच गेलेले. दादा शिळी मरणं गरम करून माझ्या दारात आणत होता.

पकडला! कॉपी पकडल्यावर मी आयुष्यात कधी गप्प बसलेली नाही. ह्या वेळी बसले. कारण मी तोंड उघडलं असतं तर दादा पुन्हा ओशाळून निघून गेला असता, आणि ह्या खेपेस कायमचा. जमिनीचा संशय माझ्या मनातून गेला होता असं नाही. पण दादा यावा, एवढं मात्र मला हवं होतं. चहा नको तर नको, कडेवर टेकायचं तर टेक बाबा, पण ये.

आणि मग मला दुसरीच धास्ती लागली. यानातले सगळे संपत आले होते. आता उरला फक्त कॅप्टन. पिकलेलं पान. तो गेला की दादा एकदा येणार आणि त्यानंतर यायला त्याच्याकडे काही उरणार नाही. रोज सकाळी पेपर आला की मी आधी आतलं पान उघडायची. ज्या माणसाला मी कधी भेटले नाही, ज्याचं एक वाक्य मला कधी कळलं नाही, त्याच्यासाठी मी देवापाशी आयुष्य मागत होते.

ह्या वर्षीची भाऊबीज आली. संध्याकाळ झाली, मी ताम्हणात निरांजन, सुपारी, अक्षता असं सगळं मांडलं. गच्चीची किल्ली काढून ठेवली. हे बाहेर पेपर वाचत होते. बेल वाजली.

दादा होता. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, तोंड मात्र पडलेलं. आत आला, नेहमीसारखा खुर्चीच्या कडेवर टेकला.

"कॅप्टन गेला," म्हणाला.

गेला, म्हणजे संपलं सगळं. पण दुसऱ्याच क्षणी माझ्यातली पहारेकरीण जागी झाली. सणासुदीला, त्यातून भाऊबीजेच्या संध्याकाळी, कोणी कोणाच्या घरी मरणाची बातमी घेऊन जातं का? शत्रूसुद्धा उद्यावर ढकलेल. मी "आले हं" म्हणून स्वयंपाकघरात गेले, दार लोटलं आणि मुलीला फोन लावला.

"आहे गं, चांगला आहे," ती म्हणाली. "हा बघ, फुगे लावलेत मागे, केक कापतोय. का?"

"मामा आलाय. तो म्हणतो कॅप्टन गेला."

मग ती म्हणाली, "आई, आज मामा आलाय आणि तू मला फोन कसला करतेस?"

मी ओट्याला धरून उभी राहिले. गप्प राहावं तर दादा घटकाभर कॅप्टनबद्दल बोलेल आणि 'येतो' न म्हणता निघून जाईल, आणि परत येणार नाही. बोलावं तर पुन्हा त्याचा अपमान, तोही ह्यांच्यादेखत. काय करू? मग मी ताम्हण उचललं आणि बाहेर आले.

"दादा, कॅप्टन जिवंत आहे."

त्याने वर पंख्याकडे बघितलं. "असं? मोबाइलवर तर आलं होतं."

"खोटं आलं होतं."

"हल्ली काहीही पाठवतात लोक."

"पाठवतात ना. पण कोणी गेलेलं नाही म्हटल्यावर तू भेटायला आलेला नाहीस. सुतक नाही, काही नाही. बहिणीच्या घरी आलायस. आज काय आहे माहितीये का?"

"काय आहे?" कॅप्टन शेंगदाणे मागायचा ना, त्याच आवाजात म्हणाला, खोटारडा!

ह्यांनी पेपर खाली ठेवला आणि न सांगता पाट आणून मांडला. लग्नाला इतकी वर्षं झाली, इतकं शहाणपण ह्यांनी पहिल्यांदाच दाखवलं. दादा पाटाकडे बघत बसून राहिला. उठेना.

"मुहूर्त टळत होता, दादा," मी म्हटलं. "मी आजही तेच म्हणेन."

"मिनिटभर थांबायला हवं होतं," तो म्हणाला. "मीही आजही तेच म्हणेन."

आणि त्याचा हात खिशाकडे गेला. इतक्या दिवसांच्या सवयीने माझी नजर तिकडे खिळली. म्हटलं, आला कागद. नाहीतर रुमाल.

टोपी निघाली. पांढरी, नवी, घडी घातलेली. ओवाळून घेताना भावाच्या डोक्यावर लागते ती. गुडघ्यावर ठेवून त्याने ती नीट उलगडली, डोक्यावर घातली आणि पाटावर येऊन बसला.

मला धड दिसत नव्हतं. कुंकू त्याच्या कपाळाऐवजी भुवईवर लागलं. "रडतेस काय येडे," तो म्हणाला आणि त्याचाही आवाज फाटला. टोपी सिन्नरहून खिशात घेऊन निघालेला माणूस कॅप्टन गेल्याची बातमी देत होता मला! पण ते मी त्याला विचारलं नाही, आजतागायत विचारलेलं नाही. जमिनीचंही नाही. एखादा पेपर तपासायचा ठेवला तरी चालतो.

तो जेवला. पोटभर जेवला, वर करंजीत सारण कमी आहे म्हणून ऐकवलंही. शेंगदाण्याच्या चटणीची वाटी माझ्या पानाजवळ होती ती स्वतःकडे ओढून घेतली. मी बघितलं आणि काही बोलले नाही. गच्चीची किल्ली तशीच टेबलावर पडून होती.

निघताना त्याने चपला घातल्या. मी दारात उभी. तो जिन्याच्या दोन पायऱ्या उतरला. मग तो थांबला, कठड्याला हात धरून मागे वळला.

"येतो गं," दादा म्हणाला.

"ये," मी म्हटलं.