अकबरबीची पाखरं अन् माझा कापूस

बदनापुरात स्टेशनच्या वाटेवर निजामोद्दीनभाईंचं गाद्यांचं दुकान हाय. दुकानामागं त्यांचं घर, अन् त्याला लागून माझं. मधे एकच भिंत, ती बी छातीएवढी. तीस वर्सं त्या भिंतीवरून मी अन् त्यांची बायको अकबरबी भांडलो बी, अन् वाटीभर साखर बी दिली-घेतली. मी प्रभावती. अंगणवाडीतून रिटायर झालेली. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं गल्ली म्हणते. म्हणू द्या. पण आज जे सांगून राह्यले, त्यात राग काढायचा तर माझ्यावरच.

अकबरबीला लिहिता-वाचता येत न्हाई, पण गादीला टाका असा घालते की दहा वर्सांनी कापूस बसेल, टाका उसवणार न्हाई. तिच्या कलीमनं एकदा जालन्याहून फिंचची जोडी आणली. चिमणीहून लहान पाखरं. नराच्या गालावर नारिंगी ठिपका, मादी साधीसुधी राखाडी. पोरगा दोन महिन्यांत कंटाळला अन् ही बाई अडकली. पाच वर्सांत अंगणात चार पिंजरे झाले. प्रत्येक पिंजऱ्यात भोकाचं छोटं मडकं टांगलेलं, घरट्यासाठी.

अंडं पडलं की ही गादीच्या दोऱ्याला गाठ मारायची. रोज एक गाठ. बारा-तेरा गाठी झाल्या की मडक्याजवळ कान न्यायची अन् आतून बारीक चीची ऐकू आली की भिंतीवरून मला हाक. मंग पाखरांना राळे, कोथिंबीर अन् टरफलासकट चुरडलेलं उकडलेलं अंडं. निजामोद्दीनभाई म्हणायचे, "प्रभाताई, आमच्या घरात अंडे पाखरांना, अन् मला फक्त दाल." ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

पण एका जोडीचं काही जमत नव्हतं. पहिल्या बारीला अंडी पोकळ निघाली, दुसऱ्या बारीला पिल्लं मडक्याबाहेर मरून पडली, तिसऱ्या बारीला अंडी फुटली. अकबरबीचा नियम होता, पिल्लं न वाढवणारी जोडी ठेवायची न्हाई, वेगळी करायची. "आता ही शेवटची बारी," ती म्हणाली. "ह्या टायमाला पिल्लं वाढवली तर राहतील. न्हाई तर मादी एकीकडं, नर एकीकडं."

"अगं, माणसं बी इतक्या जल्दी सोडत न्हाईत!" मी म्हणाले. मला ती जोडी आवडायची. दोघं एकाच काडीवर खेटून बसायची, एकमेकांच्या मानेतून चोच फिरवायची. अन् तो नर तर मी अंगणात दिसले की पिप पिप करून डोकं उठवायचा. गधडा मेला.

डिसेंबरात त्या जोडीची पाच पिल्लं निघाली. जिवंत, भुकेली. आई-बाप दोघं बी चोचीनं भरवून राह्यले. अकबरबीनं मला अर्धा पेढा खिलवला, अन् तिसऱ्या दिवशी शहागडाहून फोन आला, आसिफाच्या पोटात दुखायला लागलं म्हणून. आसिफा म्हणजे तिची लेक, पहिलटकरीण. रिक्षा दारात उभी, अन् ही भिंतीपाशी.

"प्रभाताई, आठ दिवस तुमच्यावर. ह्या बापलेकांना दुकानातून सवड न्हाई. दाना, पाणी, अंडं. मडक्यात हात घालायचा न्हाई. अन् पिंजऱ्यात काडी, काथ्या, काहीच टाकायचं न्हाई. बिलकुल न्हाई."

"का गं?"

"न्हाई म्हणलं ना!" रिक्षावाला हॉर्न मारत होता, ती गेली.

मला झोंबलं ते. शंभर लेकरं हाताखालून गेली माझ्या, अन् ही मला शिकवती! दोन दिवस मुकाट्यानं सांगितलं तसं केलं. मंग थंडी अशी पडली की सकाळी नळाचं पाणी हातात धरवेना. मला आपलं एकच दिसायचं, मातीचं गार मडकं अन् आत उघडी लेकरं. गादीवाल्याच्या घरची पाखरं अन् अंगावर कापूस न्हाई! तिनं काडी न्हाई म्हणलं, काथ्या न्हाई म्हणलं. कापूस न्हाई असं कुठं म्हणलं? दुकानातून कुणाला न सांगता मूठभर पिंजलेला कापूस आणला अन् पिंजऱ्यात ठेवला.

नर असा हरखला की विचारू नका. चोचीत कापूस घेऊन दिवसभर मडक्यात आत-बाहेर. मी चहाचा कप घेऊन समोर बसले, कौतुकानं. संध्याकाळी अकबरबीचा फोन आला. म्हणलं, "सगळं बराबर हाये, तू लेकीकडं बघ." दुसऱ्या दिवशी आणखी एक मूठ दिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ध्यानात आलं, चीची बंद झालीय. मडक्यात बोटं घातली. वर कापसाचं नवं कोरं घरटं, वाटीसारखं, मऊ. ते उचललं तर त्याच्याखाली पाची पिल्लं, गार पडलेली. एकाच्या पायाला तंतूचा फास. तवा मला कळलं ती का न्हाई म्हणत होती. ह्या पाखरांना घरट्याचं सामान दिसलं की ती बांधतच सुटतात, खाली काय हाय हे बघत न्हाईत.

पिल्लं कढीपत्त्याखाली पुरली. कापसाचा तंतू न् तंतू मडक्यातून वेचून काढला. तो नर दाणे पोटात भरून येऊन राह्यला, मडक्यात डोकावून हाका मारून राह्यला. भरवायला आल्ता बिचारा.

अकबरबी नातीचे पेढे घेऊन आली ती सरळ पिंजऱ्यापाशी गेली. खरं सांगायचं असं मी चार दिवस मनाशी घोकलं होतं. तिनं माझ्याकडं बघितलं अन् माझ्या तोंडातून काय निघावं? "नर भरवतच नव्हता. मी तरी काय करू?"

जीभ झडली न्हाई माझी.

तिनं रिकामं मडकं काढून उलटं ठेवलं. मंग म्हणाली, "मी सांगतच होते." त्याच आठवड्यात जोडी तोडली. मादी तीर्थपुरीला नणंदेकडं गेली. नर माझ्याकडं आला. "तुम्हाला आवडतो ना, घ्या. बिनकामाचा हाय," ती म्हणाली. महिनाभर तो रस्त्याकडं तोंड करून हाका मारायचा. मी रेडिओ मोठा करायची.

उन्हाळ्यात अकबरबी भिंतीवरून मोबाईल दाखवायला आली. तीर्थपुरीला मादीनं दुसऱ्या नरासंगं चार पिल्लं वाढवली होती. "बघा प्रभाताई, मादी चांगलीच होती. तो नरच नालायक."

"हो," मी म्हणाले. "नालायकच."

गेल्या आठवड्यात तो मेला. सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला दिसला अन् मला रडूच आवरेना. आवाज ऐकून अकबरबी धावत आली. माझ्याजवळ बसली, तिच्या ओढणीनं माझे डोळे पुसले. "अहो, काय हे! इतकं कुणी रडतं का त्या नालायकासाठी?"

म्हातारी झाले मी, अन् तवा बी खरं बोलले न्हाई.