ताईनं मागितलेली ओवाळणी

इंदुरात पलासियाच्या सिग्नलला थांबलो होतो तेव्हा धाकट्या भावाचा, शिरीषचा फोन आला. "दादा, ताई गेली." मागचे हॉर्न वाजवत होते आणि मला पुढे काय करायचं तेच सुचेना... ताई आम्हा दोघांहून मोठी. आई लवकर गेली, म्हणून आम्हाला वाढवलंही तिनंच. दीड महिना झाला, अजून मी तो चौक टाळून जातो.

परदेशीपुऱ्यातल्या शाळेत तिनं आयुष्यभर शिकवलं, चांगला दरारा होता. पण शौचातून रक्त जायला लागलं तेव्हा तिनं ते मूळव्याधीवर ढकललं आणि आम्ही तिखट सेव खाण्यावर. इंदुरात पोटाच्या कुठल्याही तक्रारीला सेवच जबाबदार असते. सेव सुटली, रक्त काही थांबलं नाही. निदान झालं तोवर मोठ्या आतड्याचा कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता.

डॉक्टरांसमोर ती रडली नाही. तिनं विचारलं, "इस बीमारी में जो बचते हैं, वो किस वजह से बचते हैं?" डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. आजार कुठवर पसरलाय, एरवीची तब्येत कशी आहे, उपचार कितपत झेपतात, पुष्कळ गोष्टी असतात. पण सगळ्यात मोठी म्हणजे लवकर कळणं. आणि सख्ख्या भावंडांना धोका जास्त, त्यांनी तपासून घ्यावं. ताई आमच्याकडे वळली. "माझं ते 'लवकर' हुकलं. ह्यांचं अजून हुकलेलं नाहीये." मरण समोर दिसत असताना माणसाला असं सुचतं कसं? मी तेव्हा थक्क झालो होतो, आजही आहे.

त्या भाऊबीजेला केमोनं तिचे तळपाय सोलले होते, तरी तबक घेऊन उभी राहिली. मी पाकीट काढलं.

"ते ठेव खिशात. आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करून घे, तीच माझी ओवाळणी."

"ताई, मला काही त्रास नाही गं."

"त्रास व्हायच्या आधीच जायचं असतं, भिया." रागावली की तिच्या तोंडी इंदुरी 'भिया' यायचा, म्हणजे भाऊ. "फालतू बात नको. दोघंही हो म्हणा, मगच ओवाळते."

तोवर तबक काही तिनं खाली ठेवलं नाही. आम्ही हो म्हटलं. माझ्या तपासणीत आतड्यात एक कोंब, म्हणजे पॉलिप, निघाला, डॉक्टरांनी तिथल्या तिथे काढून टाकला. ठेवला असता तर पुढे त्याचाच कॅन्सर होऊ शकला असता, म्हणाले. मी आज हे लिहितोय ते तिच्या हट्टामुळे. शिरीष मात्र आज-उद्या करत राहिला, आणि त्याची काळजी मनात घेऊनच ती गेली.

दर रविवारी सकाळी तिचा आम्हाला फोन यायचा. कसा आहेस वगैरे काही नाही, थेट "पोट साफ झालं का?" चारचौघांत असलो की मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. गेल्या रविवारी चहा झाला, पेपर वाचून झाला, फोन वाजेना... शेवटी मीच देवासला राहणाऱ्या शिरीषला लावला.

"पोट साफ झालं का रे? आणि तपासणीला कधी जातोयस?"

तो हळूच म्हणाला, "उद्याच जातो, ताई."